पाच आणि हीर

बाबांच्या उजव्या हाताची बोटं बोटीवरच्या दोरात सापडली आणि ते समुद्रावर जायचे कायमचे थांबले. आई बंदरावरून मासळी उचलून डोक्यावरच्या टोपलीतून गावभर विकायला लागली. टोपलीत उरलं तर आम्ही मासे खायचो, नाही उरलं तर पेज आणि खारातली मिरची. माझ्या कानांतल्या बाळ्या एक दिवस गेल्या. कुठे गेल्या ते मी विचारलं नाही. मिरकरवाड्यातल्या पोरींना असलं विचारायचं नसतं, हे न शिकवता कळतं. भोकं बुजू नयेत म्हणून आईने केरसुणीतला एक हीर मोडला. नारळाच्या झावळीचं पातं सोललं की मधली कडक काडी उरते, तो हीर. आमच्याकडच्या केरसुण्या त्याच्याच. त्याचे दोन तुकडे खोबरेलात बुडवून तिने माझ्या कानांत घातले आणि म्हणाली, "ऱ्हाव दे गो बाय. कान उघडे ऱ्हायले म्हंजे झालं."

पुढे मी बी.ए. झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात असं कधी कुणाचं झालेलं नव्हतं आणि मला ते सांगायला आवडतं. पण हे लिखाण माझ्याबद्दल नाही. एका बाईंबद्दल आहे.

त्या बाई आमच्या घरी आधी आवाज म्हणून आल्या. बाबा ओटीवर रेडिओ उशाशी घेऊन पडलेले असत. मच्छीमारांसाठी हवामानाचा इशारा सुरू झाला की दुखरा हात वर करत आणि घर गप्प होई. ज्यांना समुद्रावर जायचंच नव्हतं ते सगळ्यात मन लावून ऐकत होते, हे तेव्हा मला विचित्र वाटायचं नाही. आवाज बाईंचा. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर कसंही पाऊल टाकलं तरी खचत नाही, तसा. मी भिंतीला टेकून अभ्यास करत असे आणि त्या आवाजात हळूहळू उतरत जाई. वारे, लाटा, दक्षिणेचा किनारा, उत्तरेचा किनारा. शब्द कानावरून जात आणि मला वाटे, आपलं घरच नांगर उचलून कुठेतरी निघालंय, सावकाश, कुणाला न सांगता.

बाबा म्हणत, इशारा सुरू व्हायच्या जरा आधी एक बारीकसा आवाज येतो. टिण्. "बाईचा डूल वाजला. आता वारा सांगेल." आई म्हणायची, "कानात भुंगा शिरलाय तुमच्या." मला तो आवाज कधी ऐकू आला, कधी नाही. पण बाई कानांत लोंबते डूल घालून रेडिओवर बसतात, पाच आणि हिऱ्याचे, पाच म्हणजे पाचू, लग्नात घालावेत असे, ही गोष्ट बंदरावर सगळ्यांना माहीत होती. केंद्रावरचा एक तंत्रज्ञ आमच्या बाजूच्या चहाच्या टपरीवर येई, त्यानेच सांगितलेली. तो म्हणे, "अहो, बंद खोलीत एकट्या बसतात. काचेच्या पलीकडे फक्त मी. कुणासाठी नटतात?" कानाला लावायच्या त्या यंत्राच्या कडेला डूल आपटतो, तो काढा, म्हणून त्याने खूपदा विनवलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "समारंभ आहे. समारंभात कान उघडे बरे दिसत नाहीत."

बाई निवृत्त झाल्या, रेडिओवर दुसरे आवाज आले, बाबांनी हात वर करायचा सोडला. आणि मग कळलं की बाई आईच्या गिऱ्हाईक आहेत. आई कधीपासून त्यांना बांगडे विकत होती, पण तिला तो आवाज ओळखता आला नव्हता. "रेडिओतली बाई उंच वाटायची," आई म्हणाली. "ही तर माझ्याएवढीच."

थिबा राजवाड्याकडे चढणाऱ्या रस्त्याला, जांभ्या दगडाच्या एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत बाई भाड्याने राहत. मागे पडवी, पडवीतून खाली झाडांचे शेंडे आणि त्यांच्या वर समुद्राची एक पट्टी. दुपारी ती पट्टी इतकी फिकी होई की आभाळ कुठे संपलं ते कळत नसे. बाई घरातही निवेदन करत. चहा आणताना दारात थांबून म्हणत, "यानंतर, चहा." बोक्याचं नाव होतं व्यत्यय. तो मध्येच मांडीवर उडी मारी, तेव्हा बाई पाहुण्यांकडे बघून म्हणत, "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत."

मासळी त्या डोळ्यांनी घेत नसत. आई टोपली उतरवी. बाई डोळे मिटून खुर्चीत बसत आणि म्हणत, "बयो, सांग."

"बांगडा हाय. सौंदाळा हाय. मोदकं हायेत. कोळंबी."

"सौंदाळा पुन्हा म्हण."

"सौंदाळा."

"नको. तुझाच विश्वास नाहीये त्याच्यावर. बांगडा दे."

आई बाहेर येऊन कपाळावर हात मारी. "कालचा होता गो तो सौंदाळा. कसं कळलं हिला?"

एकदा बाईंनी आईला सांगितलं, "उद्या जरा लवकर ये हं. पाच-हिऱ्याचे काढायचेत. समारंभ आहे."

आईने आयुष्यात पाच एकच पाहिली होती, अबोलीच्या वेणीत घालतात तो वासाचा हिरवा पाला. आणि हीर तर घरचाच. हीर काढायचे म्हणजे झावळीतून सोलून काढायचे. आईने मनाशी जुळवलं. बाईंकडे समारंभ आहे, वेण्या करायच्या असतील, पाच हवी. झाडलोट करायची असेल, नवी केरसुणी हवी. म्हातारी एकटी, तिला कोण हीर काढून देणार? संध्याकाळी आई झावळ्या घेऊन अंगणात बसली आणि हीर सोलून सोलून तिने एक घट्ट केरसुणी बांधली. शेजारच्या परड्यातून पाचेची जुडी आणली, ओल्या फडक्यात गुंडाळली. सकाळी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून तिच्यासोबत मी निघाले. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात पाच.

बाईंनी दार उघडलं. अंगावर जांभळी रेशमी साडी आणि कानांत ते.

वर हिऱ्यांची लहानशी चांदणी. तिच्याखाली बारीक कडीत लोंबणारी पाच, पाण्याचा थेंब पडता पडता थांबावा तशी. तो हिरवा रंग मी आधी पाहिला होता, पण दगडात नाही. भाट्याच्या खाडीत, चिपीच्या खारफुटीखाली, भर दुपारी पाणी असं दिसतं. आत बारीक रेषा होत्या, शेवाळ्यासारख्या. त्या हलत नव्हत्या, तरी हलताहेत असं वाटत होतं. बाईंनी मान वळवली आणि हिऱ्यांचे कवडसे पडवीच्या भिंतीवरून धावले. व्यत्यय त्यांच्यामागे पळाला.

ते डूल त्यांच्या आत्याचे होते. बाई गेल्यावर ते सावर्ड्याच्या भाचीकडे गेले. ती ते घालते की नाही, मला माहीत नाही. विचारायचं कारणही नाही.

तर आईने माझ्या हातातून जुडी घेऊन पुढे केली. "घ्या बाई. ही पाच. आनि ह्ये हीर. सांजचे बसून काढले. केरसुनीच बांधली एकदम."

बाई बघत राहिल्या. पाल्याकडे, मग केरसुणीकडे, मग आईच्या तोंडाकडे. मला काय झालं ते लगेच कळलं आणि माझे कान तापले. आता ही बाई हसणार, ते हसू घेऊन आम्ही तो चढ उतरणार आणि पुढच्या सगळ्या समारंभांत ही गोष्ट रंगवून सांगितली जाणार. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं झणझणीत.

बाईंनी हात जोडले. ताठ उभ्या राहिल्या आणि त्या रेडिओच्या आवाजात म्हणाल्या, "चूक निवेदकाची आहे. क्षमस्व."

"काय झालं?" आई घाबरली.

"बयो, मी म्हणाले हिऱ्याचे. तुला ऐकू आलं हिराचे. म्हणजे मी 'ऱ्या' नीट म्हटला नाही. तोंडात पान असल्यासारखी बोलले. ऐकणारा कधी चुकत नसतो." मग कानाला बोट लावून म्हणाल्या, "ही पाच. हा हिरा. यांच्याबद्दल बोलत होते."

आई वाकून बघायला लागली, हात पाठीमागे बांधून. "हात नाय लावत. वास लागंल."

"लाव गं. दगडाला कसला वास लागतोय?"

आईने एका बोटाने डूल हलकेच ढकलला. तो हलला, थांबला. "हिरवा हाय खरा," ती म्हणाली. "पन बाई, ह्याला वास नाय. आमच्या पाचेला हाय."

बाई खुर्चीत बसून हसल्या. त्या हसण्यात आम्ही दोघी होतो, म्हणून ते बोचलं नाही. मग त्यांनी जुडीतली एक डहाळी मोडून अंबाड्यात खोवली. केरसुणी दाराशी खिळ्याला टांगली आणि दिवसभर अधूनमधून आरशासमोर उभ्या राहून म्हणत राहिल्या, "हिऱ्याचे. हिऱ्याचे. हिऱ्याचे."

आणि समारंभ काय होता? पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात जायच्या होत्या आणि रेडिओवर हंगामाचा पहिला इशारा वाचला जायचा होता. बाई वाचणार नव्हत्या. फक्त ऐकणार होत्या. "मग मी काय गाऊन घालून ऐकू?" म्हणाल्या. "वाचणाऱ्याने नटायचं आणि ऐकणाऱ्याने कसंही बसायचं, असं कुठे लिहिलंय?"

बाईंचे समारंभ हे असे. लग्नांना त्या साध्या कुड्या घालून जात. "लग्नात सगळ्या एकमेकींचे कान बघतात, कान लावून मंगलाष्टकं कोण ऐकतं?" पण मतदानाला जाताना पाच-हिऱ्याचे. रांगेतला पोलीस म्हणाला, "आजी, एवढे दागिने घालून फिरू नये." बाई म्हणाल्या, "फिरत नाहीये. मत द्यायला आलेय." खेडच्या नणंदेला फोन करायचा असला तर आधी डूल. तो साधा फोन, नणंदेला काही दिसायचं नाही. त्यांना विचारलं तर म्हणत, "तिला दिसत नाही, पण ऐकू येतं." बोक्याला टोचायला गुरांचे डॉक्टर आले, तेव्हाही डूल होतेच. व्यत्ययच्या आयुष्यातला तो मोठा प्रसंग, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या म्हणत, "पत्रिका छापली म्हणून समारंभ होत नाही गं. आपण ताठ बसलो की होतो."

केरसुणी नेली त्या दिवशी आम्ही तिघींनी इशारा ऐकला. नवा मुलगा भरधाव वाचून गेला. बाईंचे डूल थरथरले. रेडिओ बंद करून त्यांनी समोरचं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. "कॉलेजात जातेस ना? वाच."

मी वाचलं. वाचताना त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, कानाकडे बघत होत्या. मी थांबले तशा उठल्या, कानांतले डूल काढले, माझ्या कानांतले हीर अलगद ओढून बाहेर घेतले आणि डूल माझ्या कानांत घातले. डूल जड होते आणि मानेला गार लागत होते.

"आता वाच."

मी सुरू केलं आणि दोन्ही बाजूंनी डूल झुलायला लागले.

"बघ. शब्दागणिक मान हलवतेस. नंदीबैल आहेस का? ज्याला शब्द जड जातात तो मानेने ढकलतो. डूल हलला की समजायचं, वाक्य ढकललंय. डूल हलू न देता वाच."

पुढचा हिवाळा आणि उन्हाळा मी दर रविवारी त्या पडवीत बसून डूल हलू न देता वाचायला शिकले. घरी हीर, बाईंकडे पाच आणि हिरा. माझ्या मनात एक गोष्ट ठरली होती आणि ती मी बाईंना सांगून टाकली. मला रेडिओवर बोलायचं होतं. आमचं घर आजवर ऐकत आलं होतं. त्यातलं कुणीतरी उठून बोलणाऱ्या खुर्चीत बसावं, असं मला वाटत होतं. मोठं वाटत असेल तर वाटो. मामाचा विचार वेगळा होता. तो मला मुंबईत एका ऑफिसात चिकटवायला निघाला होता. बाबांनी त्याला सांगितलं, पोरगी रेडिओच्या आवाजाची परीक्षा देईल, पहिल्या खेपेला नाही जमलं तर दुसऱ्या खेपेला. नंतर तू म्हणशील तसं.

आमच्या बोलण्यात ण नाही. पानी, कोन, लोनी. बाईंनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. "पानी म्हटलं तरी तहान भागते," म्हणत. "पण तुझ्या गळ्यात दोन्ही हवीत. घरात घरचं, माईकवर माईकचं." मी घरी सराव करायची. "पाणी. आणि. कोण." आई चुलीपाशी बसून बाबांना म्हणायची, "अवो, रेडिओ बारीक करा. आपल्या घरात लागलाय."

एका दुपारी मी विचारलं, लग्नाला न घालता इशारा वाचायला हे डूल का घालायच्या? समुद्राची पट्टी तेव्हा पूर्ण विरून गेली होती. बाई तिकडे बघत होत्या.

"एकदा मी रेलून बसले होते," त्या म्हणाल्या. "कंटाळले होते. रोज तेच वारे. वाचलं, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आणि मागे रेलताना 'नये' तोंडातल्या तोंडात राहिलं. मराठीत जीव वाक्याच्या शेवटी असतो, पोरी. हो की नाही, ते अगदी शेवटी कळतं. शेवटचा शब्द पडला की सगळं उलटं. वेळणेश्वराकडची एक होडी गेली समुद्रात."

"मग?"

"आली परत. जाळं गेलं, माणसं आली. काही दिवसांनी त्यांतले दोघं मला शोधत इथे आले. मी म्हटलं, आता शिव्या देणार. तर म्हणाले, बाई, तब्येत बरी हाय ना तुमची? त्या दिवशी आवाज पडला होता." त्यांनी कानाला हात लावला. "दुसऱ्या दिवशी आत्याचे डूल काढले. रेललं की ते मानेला गार लागतात. गार लागलं की मी सरळ होते. तेवढंच."

पहिल्या परीक्षेला मी डूल न घालता गेले. बाई देत होत्या, मीच नको म्हटलं. कान माझे, परीक्षा माझी. काचेपलीकडे तीन माणसं होती. मी वाचलं. एकही शब्द पडला नाही, मान हलली नाही. वाचून झाल्यावर त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी डोळे मिटले होते ते उघडले आणि जरा दुःखानेच म्हणाले, "छान. पण हा आवाज आमच्याकडे होऊन गेलाय. तुमचा कुठाय?"

मी थेट बाईंकडे गेले. त्या डूल घालून बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी एकेक करून डूल काढले, डबीत ठेवले, डबी फळीवर मिठाच्या बरणीमागे ढकलली.

"चूक माझी. तुला माझा आवाज ऐकवत बसले. आता मी गप्प."

आणि खरंच गप्प झाल्या. पुढच्या रविवारपासून त्यांनी आईला बोलावलं. आई पडवीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून विळीवर मासे साफ करत बसे आणि मी तिच्या पाठीला वाचून दाखवी. बाई व्यत्ययला मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत. एखादा शब्द आईला कळला नाही, की ती विळीच्या पाटावर मूठ आपटे.

"तुरळक म्हंजे काय गो?"

"कुठे कुठे."

"मग तसं सांग की."

"कागदावर तुरळक आहे, आई."

"असूं दे. तू तुरळक असं बोल, की मला कुठे कुठे कळंल."

हसू नका. हे शिकायला मला पावसाळा गेला. शब्द कागदावरचाच ठेवायचा आणि तो विळीवर बसलेल्या बाईच्या पाठीला कळला पाहिजे. मी हळू वाचून पाहिलं. आई म्हणाली, "झोप येते." जोरात वाचलं. "मी काय बहिरी हाय?" मग एकदा मी तिच्याशी बोलावं तसं वाचलं, टोपली उचलताना म्हणते ना, जप गो आई, पायरी ओली हाय, तसं. कागदावर होतं, खवळलेल्या समुद्राची शक्यता आहे. विळीवरचा हात थांबला. आईने मागे वळून बघितलं आणि विचारलं, "आज बोटी गेल्यात काय?"

बाई उठून आत गेल्या, आतून म्हणाल्या, "यानंतर, चहा." आणि चहा आणला तेव्हा त्यांच्या कानांत डूल होते.

दुसऱ्या परीक्षेचा निकाल फोनवर कळवणार होते. तो दिवस बाईंनी समारंभ म्हणून ठरवला आणि समारंभाची जागाही ठरवली. आई तेव्हा मासळी बाजारात बसायला लागली होती. मी सकाळी तिच्या मदतीला गेले तर आईशेजारी पालथ्या क्रेटवर बाई. जांभळी रेशमी साडी घोट्यांच्या वर खोचलेली, कानांत पाच आणि हिरे, समोर बर्फात सुरमई. बर्फावरून उडालेला उजेड खालून त्यांच्या तोंडावर पडत होता आणि ते हिरवे थेंब असे पेटले होते की येणारं माणूस मासळीचा भाव विसरून बघत उभं राही.

"बाई, डूल पडतील हां सुरमईत!" समोरची एक ओरडली.

"पडू देत. सुरमईला शोभतील."

"गिऱ्हाईक म्हनंल, माशाच्या पोटात पाचू मिळाला!"

"मग भाव वाढव!"

एक गृहस्थ थबकून म्हणाले, "आजी, आज काय काय आहे?" बाईंनी पाठ ताठ केली. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. आज टोपलीत बांगडा आहे, कोळंबी आहे आणि तुरळक ठिकाणी सुरमई आहे. सौंदाळा कालचा आहे, तो घेऊ नये." शेवटचे दोन शब्द लख्ख. आईने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "बाई, गिऱ्हाईक घालवता काय माझं?" ओळीतल्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

मी जरा बाजूला, बर्फाच्या खोक्यांकडे गेले. पलीकडचं माणूस बोललं. मी हो, हो म्हटलं. वळले तेव्हा मासे कापायचे थांबले होते. आई माझ्याकडे बघत होती, तिच्या हातातला बांगडा तसाच.

"आई," मी म्हटलं. "माझी निवड झालेली..."

आणि पुढचं येईना. आईचा चेहरा उतरायला लागला.

बाई क्रेटवरून उठल्या. डूल दोन्ही बाजूंना जोरात हलले, पहिल्यांदाच मी त्यांचे डूल तसे हललेले पाहिले.

"वाक्य पुरं कर!" त्या ओरडल्या. "शेवटचा शब्द, पोरी! शेवटचा शब्द!"

"आहे," मी म्हटलं. "झालेली आहे."

आईने हातातला बांगडा तसाच बाईंच्या अंगावर टाकला आणि मला धरलं. रेशमी साडीवर खवले चिकटले. बाईंनी ते झटकले नाहीत. घरी जाताना रिक्षावाला म्हणाला, "आजी, साडीला मासळी लागलीय." बाई म्हणाल्या, "समारंभाहून येतेय," आणि बाहेर बघत राहिल्या. मी शेजारी बसले होते. वाटेत खाली खाडी दिसली, पाणी भरतीला लागलेलं, हिरवं, आत काहीतरी सावकाश हलत असलेलं.

बाई त्यानंतर फार वर्षं राहिल्या नाहीत. पण माझा पहिला इशारा त्यांनी ऐकला. कोणते कपडे घालून ऐकला ते मी विचारलं नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, "कळलं."

मी रेडिओवर नैमित्तिक निवेदक आहे. महिन्यातून माझ्या काही पाळ्या येतात, बाकीचे दिवस शाळेत मराठी शिकवते. मच्छीमारांसाठीचा इशारा माझ्या पाळीत आला की तो मी वाचते. मी वाचलेल्या इशाऱ्याचा उलटा अर्थ लागून आजवर एकही होडी समुद्रात गेलेली नाही.